वरचा ओठ

ओडेट, तू विचारलंस म्हणून सांगते.
आधी तीन दिवस दाढी वाढू द्यायची.
मफलर नाकापर्यंत. थंडर बेच्या जानेवारीत
मफलर कशाला म्हणून कुणी विचारत नाही,
उणे एकतीसची तेवढीच मेहरबानी.
केस तिळाएवढा तरी हवा, चिमट्यात यायला.
म्हणजे जो उपटायचा, त्यालाच आधी जपायचं.
बेकरीत मी बोट दाखवून पाव घेते त्या दिवसांत,
तोंड उघडत नाही.

निघण्याआधी तासभर बधिर करणारं मलम,
वर स्वयंपाकघरातलं प्लास्टिक.
फक्त ओठावर. चेहराभर थापलंस तर रक्तात उतरतं,
औषधवाल्यानं मला दोनदा बजावलंय.
आरशात मी उरलेल्या भाजीसारखी,
झाकून ठेवलेली.
हसू नकोस. हसलं की प्लास्टिक सुटतं.

इर्या किवेला, वय अडुसष्ट, डोळ्यावर भिंग,
खोलीत वेलदोड्याच्या पावाचा वास.
कॉफी देत नाही, पाणी देते.
मग यंत्राची बारीक पीप,
आणि सुई केसाच्या कडेनं आत.

अठरा वर्षं मी गोदीत वेल्डिंग करते.
ठिणगी मला नवी नाही,
बुटात पडलेय, मनगटावर, एकदा कानात.
पण ती न सांगता येते आणि जाते.
ही सांगून येते.
पीप. अर्धा श्वास. मग ती.
हनुवटीवर तर मी एकदा घोरले म्हणे, इर्या शपथेवर सांगते.
वरच्या ओठाचं निराळं.
नाकात झिणझिण्या, डोळ्यांना धार.
‘रडतेस?’
‘मी नाही. ओठ रडतोय.’
शिंक आली की हात वर, हा आमचा करार.

खिडकीतून धान्याची कोठारं दिसतात, बर्फात ओळीनं उभी.
ती मोजायची म्हणते,
सातापुढे कधी गेले नाही.

आणि हे नीट ऐक.
पहिल्या तीन खेपांना मी अवाक्षर काढलं नाही.
गोदीत भाजलं तरी ‘काही नाही’ म्हणायचं असतं,
ते अंगात मुरलेलं.
इर्याला वाटलं, सोसतंय, तिनं करंट तसाच ठेवला.
उजव्या कोपऱ्यात खपल्या धरल्या, मी त्या नखानं काढल्या.
तिथं खळगा राहिलाय, मिठाच्या खड्याएवढा.
बोट लावून बघ कधीतरी.

चौथ्या वेळी माझा पायाचा अंगठा ताणलेला तिला दिसला.
सुई बाजूला ठेवली तिनं.
‘सोसण्याचे पैसे मी घेत नाही,’ म्हणाली,
‘दुखलं तर बोल. करंट कमी करू, जास्त वेळ लागेल.
घाई कुणाला आहे?’
मला होती.
चव्वेचाळीस वर्षांची.
तरी म्हटलं, दुखतंय.
आवाज किती लहान निघाला तो.

नंतर ओठ सुजतो, गांधील चावल्यासारखा.
गोठलेल्या मटारची पिशवी टॉवेलात गुंडाळून, दहा मिनिटं.
कोरफड. स्वच्छ उशी. रात्री हातमोजे, नखांचा भरवसा नाही.
खसखशीएवढ्या खपल्या येतील, आपल्या आपण जातील.
पू झाला, ताप आला तर मला नाही, डॉक्टरला फोन.
दोन दिवस सौना बंद,
आणि या गावात सौना बंद म्हणजे
जवळजवळ वाळीत टाकल्यासारखंच.

शुक्रवारी कामावर मुखवटा घालवेना.
डेझमंडनं बघितलं. ‘तोंडाला काय झालं?’
‘भाजलं.’
खोटं नव्हतं ते.
‘दुखतंय?’
अठरा वर्षांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं,
की मीच कधी विचारू दिलं नव्हतं, कोण जाणे.
‘हो,’ म्हटलं.

बाहेर जाऊन तो बर्फात पुरलेला सोड्याचा कॅन घेऊन आला.
खिशातलं फडकं झटकलं.
‘यात गुंडाळून लाव,’ म्हणाला,
‘थेट नको.’