दुसरं टोक

एल्फेज दुकानात शिरला तेव्हा ओहोटी लागून तास झाला होता.
आमच्या गावात वेळ अशीच सांगतात.
फंडीच्या उपसागराचं पाणी सात पुरुष खाली जातं,
आणि मग धक्क्यापासून लाटेपर्यंत
नुसता तांबडा चिखल, अर्धा मैल,
वर बगळे, आणि कुणाचा तरी हरवलेला बूट.

"गाडी हवी. कायाक पाण्यापर्यंत न्यायला."

मी तीन काढून फरशीवर मांडल्या.

पहिलीची चाकं बारीक. डांबरावर मालकाच्या पुढे पळते,
चिखलात लोण्यातल्या सुरीसारखी उतरते
आणि वर येत नाही.
दुसरीला पिवळे फुगे, कलिंगडाएवढे.
ही दलदलीवरूनही जाईल, म्हटलं, पाय न भिजवता.
किंमत ऐकून त्याने टोपी काढली.
"नाकापेक्षा मोती जड.
होडी मी चारशे डॉलरला घेतली होती, वल्ह्यासकट."
तिसरीला दोन खुंट्या,
होडीच्या तळातल्या भोकांत खुपसायच्या.
तुझ्या होडीला भोकं आहेत का?
"असती तर मी इथे उभा असतो?"

मग तो गुडघा धरून खाली बसला.
एकेक चाक फिरवलं, आसाला कान लावला,
डॉक्टर लावतो तसा, आणि वर न बघता विचारलं:
"हिला टेकू आहे का?
एक हात होडीला, एक हात पट्ट्याला,
तेवढ्यात गाडी निघून जाते बघ.
तिसरा हात कुठून आणू?"

तिसरा हात तीन घरं पलीकडे राहतो.
ओव्हिला.
बावीस उन्हाळे नाळेची मूठ एल्फेजकडे, मागची ओव्हिलाकडे,
आधी याची होडी, मग परत येऊन त्याची.
वाटेत बोलणं नाही. फक्त "थांब", "हं", "चल".
मागच्या पानगळीत लाकूड कापायचं यंत्र
बोथट होऊन परत आलं, एवढंच झालं.
कुणी कुणाचं बोथट केलं
यावर गावात अजून दोन पक्ष आहेत.

कायाकला दोन्ही टोकांना मूठ असते.
बनवणाऱ्याला काहीतरी माहीत असणार.

मी त्याला हे सांगितलं नाही की
मंगळवारी ओव्हिलाही इथेच उकिडवा बसला होता,
याच पिवळ्या फुग्यात अंगठा रुतवून,
आणि किंमत ऐकून त्यानेही टोपी काढली होती.
दुकानदार म्हणून मला दोन गाड्या विकायच्या आहेत.
शेजारीण म्हणून एकही नाही.

शेवटी एल्फेजने मागच्या खोलीतली जुनी काढायला लावली,
हवेच्या चाकांची, कुणीतरी परत केलेली.
आस गंजलेला नाही, टेकू आहे,
घडी घातली की होडीच्या पोटात मावते.
डावं चाक हवा सोडतं, मी म्हटलं.
"माझा डावा गुडघाही," तो म्हणाला, आणि साठ मोजून ठेवले.

हे चाक आधी कुणी दाबून पाहिलं होतं,
"डावं चोर आहे" असं म्हणून कुणी ही गाडी नाकारली होती,
तेही त्याने विचारलं नाही, मीही बोलले नाही.

संध्याकाळी शटर ओढताना दिसलं:
एल्फेज उतारावरून निघालाय,
होडी मागे, डावीकडे झुकलेली,
लंगड्या कुत्र्यासारखी ऐकणारी.
ओव्हिलाच्या कुंपणापाशी वेग जरा कमी झाला.
थकव्याने असेल. चढ नाही तिथे.

कुंपणाच्या आत ओव्हिला उभा होता.
हातात सायकलचा पंप.
त्याच्याकडे सायकल नाही.

मी कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं,
आणि दुसऱ्या वाटेने घरी गेले.
भरती साडेनऊला होती.