सामानाचं तिकीट

रस्त्यापासून आमच्या दारापर्यंत चौऱ्याहत्तर पायऱ्या,
जांभ्याच्या, प्रत्येकीची उंची वेगळी,
बांधणाऱ्याने दर पायरीला नव्याने विचार केल्यासारखी.
सातव्या महिन्यात मी चाळिसावीवर थांबते.
तिथे फणसाचं मूळ वर आलंय, टेकायला बरं.
अशा घरासाठी
आम्ही दापोलीला बाबागाडी बघायला गेलो.

सुलभाकाकू म्हणाली, कशाला गो?
कंबर काय फक्त दुखायला दिलीय देवाने?
तिने चार पोरं कमरेवर वाढवली,
डोक्यावर बांगड्यांची पाटी तशीच ठेवून.
अजून चालताना ती डावीकडे झुकते,
तिथे आता कोणी नसतं.

दुकानात तीन गाड्या होत्या.
एक करडी, तिच्याबद्दल दुकानातला मुलगा म्हणाला,
ही विमानातसुद्धा जाते.
एक गुलाबी, छत्रीसारखी मिटणारी.
एक काळी, मोठ्या चाकांची, महाग.

हरेश्वर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो.
तो उकिडवा बसला, आधी बोल्ट बघितले,
नखाने खरवडले.
खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळे टिकेल?
मुलगा म्हणाला, साहेब, तेवढ्यात बाळ चालायला लागतं.
हरेश्वरने बोल्टवरचं नख काढलं नाही,
पण पुढचं काही विचारायला
त्याला वेळ लागला.

मी एसटीत कंडक्टर. सध्या डेपोत, टेबलापाशी.
पण गाडीच्या दाराची रुंदी माझ्या खांद्यांना पाठ आहे:
माशांची पाटी जाते, गॅसची टाकी जाते,
लग्नातलं एक कपाट गेलं नव्हतं, त्यावरून भांडण झालं होतं.
मी वितीने मोजलं. काळी अडकणार.
शिवाय पाच वर्षांखालच्या पोराला तिकीट नाही
आणि गाडी मात्र सामानात,
म्हणजे बसणारा फुकट,
चाकांनी पैसे भरायचे.
हा हिशोब चालला होता तेव्हा आतून कोपर लागलं,
जरा सरका, म्हणाल्यासारखं.

रिकामी ढकलून काय कळणार, मी म्हटलं.
मुलाने शेजारच्या वाण्याकडून पाच किलो तांदूळ आणले,
पिशवीला पट्टा लावला,
आणि मी तांदूळ फिरवायला बाजारपेठेत निघाले.
गटाराच्या झाकणात गुलाबीचं पुढचं चाक गेलं.
तांदूळ पुढे कलंडले
आणि माझा हात
माझ्याआधी पोचला.
पिशवीला काही झालं नव्हतं.
तरी मी ती थोपटत उभी होते,
एक रिक्षावाला गाडी बंद करून बघत होता.

काळी त्याच झाकणावरून गेली, नुसतं हूं म्हणून.

काळीच घेतली.
ती वर राहील, रस्त्याला, मयेकरांच्या गिरणीत,
साखळी लावून, पिठाच्या धुळीत.
पोर हातांवर चौऱ्याहत्तर चढेल, मग गाडीत बसेल,
मग बंदरापर्यंत डांबर आणि पुढे जेटीचं काँक्रीट.
तेवढंच सपाट आहे आमच्याकडे.
तेवढ्यासाठी साडेआठ हजार.
एसटीच्या दाराचं काय?
चाकं निघतात, हरेश्वर म्हणाला.
त्याच्या मते सगळ्याचीच चाकं निघतात.

जन्माआधी घरी आणायची नाही.
हे सासूबाईंचं नाही, माझंच,
मी असलं काही मानत नाही, तरी.
पाचशे आगाऊ दिले.
पावती कोणाच्या नावाने करू? मुलाने विचारलं.
मी तोंड उघडलं, हरेश्वरनेही,
आणि दोघंही थांबलो.
मुलगा पेन धरून थोडा वेळ बघत राहिला,
मग त्याने लिहिलं: हर्णै, काळी.

परतीच्या गाडीत हरेश्वर खिडकीशी.
उजव्या हाताने हवेत कळ दाबायची, मनगट वळवायचं,
गुडघ्याने हलकेच ढकलायचं,
दुकानात दाखवलं तसं, एका हाताने.
डावा हात त्याने छातीशी वाकडा धरला होता,
सबंध वेळ.
आसूदच्या उतारापर्यंत त्याला जमलं नाही.
पुढे जमलं असावं,
कारण त्याने ती उघडली
आणि पुन्हा मिटली.