शेरा

रानवडेकाका आले ते खिशाला पेन लावूनच.
एकतीस वर्षं पर्वतीच्या जलकेंद्रात
पुण्याला काय पाजायचं ते ठरवलेला माणूस.
सोसायटीत कुणीतरी म्हणालं, वरची मैथिली
मुंढव्यात दारू गाळते. म्हणून तपासणी.

सहा छोटे ग्लास मांडले पुढ्यात.
पहिला त्यांनी उजेडाकडे धरला.
"गढूळ."
गव्हाची आहे काका, अशीच असते.
"आम्ही असं सोडलं असतं तर मेमो आला असता."
पण घोट घेतला. केळं, म्हणाले. मग, लवंग.
शिकरणात कुणी लवंग घालतं का?

आयपीएला तोंड वाकडं :
यापेक्षा बाळंतिणीचा काढा परवडला.
कोकमवालीपाशी थांबले, परत मागितली.
काळ्या स्टाउटला म्हणाले, तव्यावर विसरलेली भाकरी,
आणि मग बराच वेळ काहीच म्हणाले नाहीत.

"पाणी कुठलं?"
टँकरचं. आरओ करते, मग क्षार घालते, मोजून.
"म्हणजे आधी सगळं काढायचं,
आणि तेच विकत आणून परत घालायचं."
हो.
"आणि मुळा-मुठा इथून दोनशे पावलांवर."
मी ग्लास विसळत राहिले.

जाताना बिलाच्या पाठीवर रकाने आखले :
रंग, गंध, गढूळपणा, चव.
चवीपुढे नुसती रेघ. पाण्याला ती नसावी लागते,
सवय नाही, म्हणाले.
शेरा : पिण्यास योग्य.
सही. तारीख.
आणि खाली, बारीक अक्षरात :
कोकमवाली घरी नेता येते का?