डीफ्रॉस्ट

नेरूळ, सेक्टर सोळा.
फ्रिजचं दार सताड उघडं, खाली परात,
आणि आम्ही दोघं पाठ करून
वाटाणे सोलत बसलोय.

जहाजही असंच होतं, जवळपास आमच्याच वयाचं.
स्वस्त पडलं म्हणून घेतलं.
नळ आधी खोकायचा, मग पाणी.
कठड्यावर रंगाचे इतके थर
की बोटाला लोखंड लागायचंच नाही.
पहिल्या रात्री ह्यांनी केबिनच्या भिंतीला कान लावला.
"पंपाचं बेअरिंग गेलंय."
तुर्भ्याच्या कारखान्यात तीस वर्षं हेच ऐकलेलं.
मग निवांत घोरले.

हिमनदीसमोर इंजिन बंद केलं.
सगळे कॅमेरे उजवीकडे धावले.
आम्ही डावीकडेच, गर्दी नको म्हणून.
हातमोज्यांची जोडी एकच आणलेली:
डावा मला, उजवा ह्यांना,
उरलेले दोन हात ह्यांच्या खिशात.
मागे काहीतरी कोसळलं.
वळेपर्यंत
पाणी नुसतं हलत होतं.

सून अजून विचारते, एवढ्या लांब जाऊन
पाहिलं काय तुम्ही?

आत्ता परातीत ढेप पडली, धप्पकन.
वळलो. पाणी हलत होतं.
ह्यांनी उठून बटण दाबलं,
फ्रिजच्या पाठीला कान लावला.
"चालेल अजून," म्हणाले.

मी शेंग सोलली.