दर सत्तावीस सेकंदांनी

दर सत्तावीस सेकंदांनी एक खरखर.
तीन रात्री पडद्यावर तोच काटा उभा.
निरीक्षणगृहातली पोरं हळू बोलायला लागली,
कुणाची कॉफी तशीच निवली.

मी शास्त्रज्ञ नाही. मी ट्रक चालवतो,
डिझेलचा, कारण पेट्रोल इंजिनाची ठिणगीसुद्धा
त्या अजस्र थाळीला कानठळ्या बसवते.
छतावर अँटेना, शेजारच्या सीटवर नकाशा
आणि मक्याच्या पावाचा तुकडा.
व्हर्जिनियाच्या या दरीत मोबाइल वाजत नाही;
वर कुणी बोललंच तर ऐकू यावं
म्हणून आम्ही सगळे गप्प.

निघालो मागावर.
आवाज चर्चपाशी वाढला, लाकूडगिरणीपाशी पडला,
आणि ओढ्याच्या वळणावर
झेल्मा रॅटलिफच्या फाटकात बोंबलायलाच लागला.

"डॉयल, बूट काढून ये."

स्वयंपाकघरात केळ्यांच्या खोक्यात
एक कोकरू. तिळ्यांतलं तिसरं, आईने ढकलून दिलेलं.
त्याच्याखाली विजेची जुनी गादी:
तापली की बंद, निवली की सुरू,
आणि दर खेपेला आत एक ठिणगी.
मी हात ठेवून मोजलं. सत्तावीस.

"बंद करावी लागेल," म्हणालो.
ती नुसती बघत राहिली.
एक्क्याऐंशी वर्षांची बाई,
रात्रभर किती वेळा उठणार?

म्हणून मीच थांबलो.
व्हिस्कीच्या रिकाम्या बाटल्यांत कढत पाणी,
वरून लोकरी मोजे,
तासातासाला बदलायचे.

तीनच्या सुमारास लाकडं आणायला बाहेर आलो.
कड्यामागे थाळी, आभाळाला कान लावून.
वाटलं, तिकडूनही कधी आलीच अशी खरखर,
नेमाची, हट्टी,
तर आपण तिच्यात गणित शोधू, मूळ संख्या शोधू,
आणि असेल काय, तर
कुणीतरी कुणाला तरी ऊब देताना
जुनाट यंत्रातून निसटलेला आवाज.
तिकडेही असेल एखादा ट्रकवाला
तो बंद करायला निघालेला.

सकाळी फॉर्म भरला.
स्रोत: पार्थिव.
कारण: थंडी.
साहेबांनी खोडून लिहिलं, सदोष उपकरण.

पडदा आता सपाट आहे.
पोरं पुन्हा गरम कॉफी पितात.
झेल्मा सांगत होती,
कोकरू हल्ली ढुसण्या मारून दार उघडतं.