काळा थोडा कमी

काम आलं तेव्हा लग्नपत्रिकांचा हंगाम होता,
सगळ्या प्रेसला हळदीचा पिवळा चढलेला.
ओगलेसाहेब म्हणाले, डेन्मार्कचं पुस्तक आहे,
सहाशे प्रती, तिकडच्यापेक्षा निम्म्यात पडतं म्हणून पर्वतीला आलं.
नुसते फोटो, तेही काळे-पांढरे.
लवकर होईल.

लवकर झालं नाही.

बिर्टे हॉयलुंड. शाळेच्या स्वयंपाकघरात
एकोणतीस वर्षं बटाटे सोलले,
सुट्टीच्या दिवशी फोटो काढले.
प्रदर्शन एकदाच, गावच्या वाचनालयात.
अभिप्रायाच्या वहीत अकरा सह्या,
त्यांतली एक तिचीच.
हे प्रस्तावनेत आहे. प्रस्तावना मुलीची,
बाई दोन वर्षांपूर्वी गेल्या.

पहिल्या प्रुफात त्यांच्या नावात भोक पडलं.
त्यांच्याकडे एका ओला तिरका छेद असतो,
आमच्या फॉन्टात तो नव्हता,
तिथे रिकामा चौकोन उमटला:
मुखपृष्ठावर, पाठीवर, दर पानाच्या तळाशी.
मला नवल वाटलं नाही.
दऱ्या, पायऱ्या, वाऱ्यावर लिहिताना
आमचाही र असाच फुटतो.
दुसरा फॉन्ट टाकला. बाई नावात परत आल्या.

मग राखाडीचं प्रकरण.
मुलगी ऑर्हुसहून लिहायची, काळा थोडा कमी.
मी कमी करायचे.
ती लिहायची, आता जरा फार.
तिचं इंग्रजी माझ्याएवढंच, दोघींना एकच शब्द, ग्रे.
मग मी माझे शब्द चिठ्ठ्यांवर लिहून
मॉनिटरच्या कडेला चिकटवले:
बसथांबा, राखाडी, विझलेल्या चुलीतली.
धक्क्यावरची बोट, करडी, गाढवाच्या पाठीची.
धुण्याच्या दोरीमागचं आकाश, पारवं.
पारवं म्हणजे पारव्याचं. मान सोडून.

समुद्र मात्र जमेना.
एका रविवारी प्रूफ गुंडाळून खडकवासल्याला गेले,
सहा वाजून गेल्यावर पाण्याशेजारी उघडून धरलं.
कणीसवाला म्हणाला, मॅडम, नकाशा आहे का?
म्हटलं, हो.
त्याने वाकून पाहिलं आणि विचारलं, मग रस्ते कुठायत?

पान एकसष्ट.
शाळेचं मागचं अंगण, दोरीवर बावीस ऍप्रन,
आणि डाव्या कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा,
भला मोठा, धूसर.
मी मेल केली, काढू का? दोन मिनिटांचं काम आहे.
चार दिवस उत्तर नाही.
गुरुवारी लाइट नव्हती.
शुक्रवारी मेल आली:
अंगठा माझा. मी सहा वर्षांची होते,
कॅमेरा मला धरायला दिला होता.
ऍप्रनांच्या खाली पाय दिसतात ना,
ती आई.
अख्ख्या पुस्तकात तेवढीच.

मी फाइल मोठी करून पाहिली.
पाय नव्हते.
मंगळवारी धुळीचे डाग काढताना
मीच पुसले होते, दोन्ही,
लाकडी तळाच्या चपलांसकट.

मूळ स्कॅन शोधून परत आणले.
हे तिला कळवलं नाही.

गफूरभाईंना कटिंगला जाऊन सांगितलं,
एकसष्टला डावीकडे तीन मिलिमीटर सोडा,
अंगठा कापू नका.
म्हणाले, चाळीस वर्षांत या ब्लेडखाली
कुणाचं काही गेलं नाही, माझं सोडून.
आणि अर्धं बोट दाखवलं.

खोकी गेली. किती खपली, कुणी कळवलं नाही.
ओगलेसाहेबांनी बिलातला शेवटचा हप्ता
दोनदा मागून घेतला.
वाया गेलेले शीट मी दत्तवाडीला घरी आणले,
फडताळात फळ्यांवर अंथरले.
हळदीच्या डब्याखाली तो समुद्र आहे,
जमला नव्हता त्या दिवशीचा.
डबा उचलला की पिवळी गोल कड राहते.
पुसायला जाते,
आणि हात थांबतो.