लाँचने पुढे

पोस्टातल्या माझ्या खणांना घाट नव्हते.
तेटली, आपटी, म्हावशी, उचाट,
सगळी हाताच्या अंतरावर,
लाकडी, शाईचे डाग पडलेली गावं.
एकतीस वर्षं मी त्यांत पत्रं टाकली
आणि एकाही गावाची वेस पाहिली नाही.

काही पाकिटांवर, पत्त्याच्या अगदी खाली,
कुणीतरी घाईनं लिहिलेलं असायचं:
लाँचने पुढे.
जणू पोस्टाला ठाऊकच नाही, पुढं पाणी आहे ते.
त्या दोन शब्दांवर माझा अंगठा
उगाच जरा रेंगाळायचा.

आता मंदाकिनी भिलारे आणि मी
वीजबिलाच्या पाठीवर रस्ता काढतोय.
बोगदा, यवतेश्वर, कास, बामणोली.
(फुलं संपल्यावर जायचं. गर्दीत मला गिअर सापडत नाही.)
तापोळ्याला तराफा, पलीकडं कांदाट खोरं,
रघुवीर घाट उतरून खेड, चिपळूण,
कुंभार्ली चढून कोयनानगर, पाटण, घर.
कागदावर सगळं मिळून एक भाकरी.
मंदी म्हणाली, एका अंगानं करपलीय.
तिथं मी तीनदा खोडलं होतं.
शिंदीच्या पुढचा रस्ता पावसानं किती ठेवलाय
हे कुणी नीट सांगत नाही.

लायसन निघालं गेल्या मार्गशीर्षात, चौपन्नाव्या वर्षी.
गाडी दस्तगीर मिस्त्रीकडची, तिसऱ्या हाताची.
किल्ली देताना तो म्हणाला,
"बाई, चढाला भिऊन क्लच धरून ठेवू नका.
जळका वास आला की थांबा.
गाडीला दम खाऊ द्या, तुम्हीपण खावा."
मी तेही लिहून घेतलं.

मंदीच्या यादीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दोरी,
गुडघ्याचं तेल, दोन टॉर्च, नातवाची शिट्टी.
शिट्टी कशाला गं?
"धुक्यात हरवलो तर."
एकाच गाडीत बसून दोघी कशा हरवू?
"सव्वीस वर्षं हरवले होते की,"
ती म्हणाली, आणि बडीशेप चघळत राहिली.

माझ्या यादीत एकच ओळ:
रिव्हर्स घ्यायला लागू नये.
खरं तर त्यासाठीच हा गोल,
की गेल्या वाटेनं परत फिरणंच नको.
मंदीला हे सांगितलं नव्हतं.
तिला वाटायचं, हौस.

काल एकदाचा तापोळ्याला फोन लागला.
तराफ्यावरचा माणूस, आवाज वाऱ्यानं फाटलेला:
"या की. शेवटची फेरी पाचला.
फक्त गाडी मागनं चढवायची बघा,
म्हंजे पल्याड नीट उतरती."
मागनं?
"व्हय. मागनं."

मी बिल उलटं केलं.
पुढच्या बाजूला एकशेसाठ युनिट, भरण्याची शेवटची तारीख.
पुन्हा उलटं केलं. भाकरी तिथंच होती.

रात्री साडेदहाला झेडपीच्या मैदानावर
मंदीनं चपला काढून ठेवल्या.
दोन चपला, मधे आठ फूट, झाला तराफा.
हातात टॉर्च, तोंडात शिट्टी.
एक वाजली तर डावीकडं घे, दोन वाजल्या तर थांब,
तीन म्हणजे कोयनेत गेलीस.
पहिल्या अर्ध्या तासात मी चार वेळा बुडाले.
झोपलेली कुत्री उठून
लांब, कोरड्यात जाऊन बसली.

मग मी मान वळवायची सोडली
आणि आरशात बघितलं.
आरशात अजिंक्यताऱ्याचा काळा उतार,
वर एक दिवा,
खाली अनवाणी मंदी,
दूर जायच्याऐवजी
हळूहळू मोठी होत येणारी.
शिट्टी गळ्यात सोडून, बोटांनी खुणावत
ती म्हणत होती,
"ये. ये. अजून हातभर."